डेटा इनसाइट्स ७४: आकड्यांत मुरलेली उमेदवार जिथे अडकली

पार्श्वभूमी

जीमॅट या एमबीए प्रवेशपरीक्षेचं आजचं रूप नोव्हेंबर २०२३मध्ये ‘फोकस एडिशन’ या नावाने आलं. क्वांट (गणित), व्हर्बल (वाचन आणि तर्क) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते, आलेख, मजकूर वाचून निष्कर्ष) असे तीन विभाग, प्रत्येकाला ४५ मिनिटं, आणि एकूण गुणांत तिघांचं वजन सारखं. त्याआधीच्या जीमॅटमध्ये २०१२पासून इंटिग्रेटेड रीझनिंग नावाचा विभाग होता. त्याचे गुण वेगळे दिले जायचे, २०० ते ८००च्या एकूण गुणांशी त्यांचा संबंध नसायचा. साहजिकच बरेच जण तो विभाग शेवटच्या काही दिवसांत उरकायचे. परीक्षा बदलली, पण ही सवय अजून पुरती गेलेली नाही.

या प्रकरणातली उमेदवार वित्त विभागात विश्लेषक आहे (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत). दिवसभर एक्सेल उघडंच. त्यामुळे ‘डेटा’ हा शब्द पाहून तिने ठरवून टाकलं की हा विभाग आपला घरचाच आहे. अभ्यासाचा जवळपास सगळा वेळ क्वांट आणि व्हर्बलला गेला. पहिल्या परीक्षेचा निकाल असा होता: क्वांट ८४, व्हर्बल ८३, डेटा इनसाइट्स ७४, एकूण ६१५. तिला निदान ६७५ हवे होते.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “डेटा इनसाइट्ससाठी कुठलं गणित पक्कं करू?” गणित पक्कंच होतं. क्वांटचे ८४ काय सांगतात?

अडचण

अधिकृत निकालासोबत आता बराच तपशील मिळतो. कोणत्या प्रकारच्या प्रश्नांत काय झालं आणि वेळ कुठे गेला, दोन्ही कळतं. आम्ही बरोबर-चूक हा हिशोब बाजूला ठेवला आणि वीस प्रश्नांचे चार ढीग केले: लवकर आणि बरोबर, उशिरा पण बरोबर, उशिरा आणि चूक, घाईत चूक.

सगळ्यात मोठा ढीग ‘उशिरा पण बरोबर’चा निघाला. ४५ मिनिटांत २० प्रश्न म्हणजे प्रश्नामागे सरासरी सव्वादोन मिनिटं. तिचे डेटा सफिशियन्सी या प्रकारातले बरोबर आलेले प्रश्नही तीन मिनिटांच्या घरात होते. मल्टी-सोर्स रीझनिंगच्या एका संचात, म्हणजे एकाच माहितीवरच्या तीन प्रश्नांत, अकरा मिनिटं गेली आणि तीनपैकी एकच बरोबर आला. शेवटचे पाच प्रश्न तिने चार मिनिटांत केले. केले म्हणजे उत्तरं टिचकावली. उत्तर न देता पुढे जाता येत नाही आणि विभाग अपुरा राहिला तर गुण कापले जातात, त्यामुळे तेवढं तरी करणं भागच होतं.

क्लासमध्ये बरोबर उत्तराबद्दल कुणी जाब विचारत नाही, म्हणून ‘उशिरा पण बरोबर’ हा ढीग वर्षानुवर्षं तपासला जात नाही. इथे शेवटच्या पाच प्रश्नांची किंमत त्याच ढिगाने वसूल केली होती.

मग मी तिला काही प्रश्न बोलत बोलत सोडवायला लावले. पहिला डेटा सफिशियन्सीचा होता. या प्रकारात एक प्रश्न आणि दोन विधानं असतात. उत्तर काढायचं नसतं, दिलेली माहिती उत्तराला पुरते का एवढंच ठरवायचं असतं. पर्याय ठरलेले: ‘ए’ म्हणजे फक्त पहिलं विधान पुरतं, ‘बी’ फक्त दुसरं, ‘सी’ दोन्ही मिळून, ‘डी’ प्रत्येक एकटंही, ‘ई’ दोन्ही मिळूनही नाही.

प्रश्न: एका कंपनीत महिलांचं प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त आहे का? विधान १: पुरुषांची संख्या महिलांच्या दीडपटीपेक्षा कमी आहे. विधान २: एकूण कर्मचारी २५० आहेत.

तिने कागदावर २५० लिहिले, त्याचे ४० टक्के १०० काढले, पुरुष १५० आले, मग दीडपट ताडून पाहिली. सगळं बरोबर, सुबक. आणि शेवटी उत्तर दिलं ‘सी’, म्हणजे दोन्ही विधानं मिळून पुरतात. खरं उत्तर ‘ए’. पुरुष महिलांच्या नेमके दीडपट असते तर महिला अडीचात एक, म्हणजे बरोबर ४० टक्के. पुरुष त्याहून कमी म्हणजे महिला ४० टक्क्यांहून जास्त. पहिलं विधान एकटंच पुरतं. २५० हा आकडा फक्त हाताला काहीतरी काम मिळावं म्हणून ठेवलेला होता, आणि रोज आकडे भरणाऱ्या माणसाचा हात तिकडे जाणारच.

दुसरी गोष्ट कॅल्क्युलेटरची. तीनपैकी फक्त याच विभागात पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, तोही साधा. ४,८१२मधले १,१८७ हे चतुर्थांशापेक्षा कमी की जास्त, एवढ्यासाठी ती तो उघडत होती. ४,८१२चा चतुर्थांश १,२०३. संपलं. असे वीस-तीस सेकंद दर प्रश्नात गेले की विभागाअखेरीस सात ते दहा मिनिटांचं भगदाड पडतं.

तिसरी अडचण तिच्या अनुभवाने आणली होती. मल्टी-सोर्समध्ये दोन-तीन टॅब असतात: एखादा ईमेल, एखादा तक्ता, एखादी नियमावली. ‘या माहितीवरून असा निष्कर्ष निघतो का?’ असं विचारलं की ती ऑफिसात जे घडतं त्यावरून उत्तर द्यायची. एका सरावप्रश्नात वाहतूक खर्च वाढल्याचा ईमेल होता आणि ‘नफा घटला असेल’ या विधानाला तिने ‘हो’ म्हटलं. विक्रीचा आकडा कुठल्याच टॅबमध्ये नव्हता. मी विचारलं, तर म्हणाली, “पण असं होतंच ना!” होत असेल. टॅबमध्ये नाही.

पर्याय

पहिला पर्याय तिनेच मांडला होता: डेटा इनसाइट्स सोडून द्यायचं आणि क्वांट ८४वरून ८८वर न्यायचं. तिन्ही विभागांचं वजन सारखं असल्यामुळे एका विभागातला एक गुण दुसऱ्यातल्या एका गुणाइतकाच मोलाचा. पण ८४च्या वरचे चार गुण आणि ७४च्या वरचे चार गुण यांना लागणारी मेहनत सारखी नाही. हा पर्याय लगेच बाद झाला.

दुसरा, जीमॅटऐवजी जीआरई ही प्रवेशपरीक्षा देणं. तिथल्या शब्दसंग्रहाची पुन्हा पहिल्यापासून तयारी करावी लागली असती. तिची इच्छा नव्हती, मीही आग्रह धरला नाही.

तिसरा, भरपूर सराव. रोज वीस प्रश्न, दोन महिने. बहुतेक जण हेच करतात. माझा याला विरोध होता, कारण चुकीच्या रीतीने शंभर प्रश्न सोडवले की ती रीत आणखी घट्ट बसते.

चौथ्या पर्यायावर बराच खल झाला. मल्टी-सोर्सचा संच आला की तिन्ही उत्तरं अंदाजाने देऊन पुढे जायचं आणि वाचलेली सहा-सात मिनिटं बाकीच्या प्रश्नांना द्यायची. वरवर पाहता हे शहाणपणाचं वाटतं. आम्ही अंदाजाची किंमत मांडून पाहिली. या विभागात एका प्रश्नाचे दोन-तीन भाग असले तर सगळे बरोबर यावे लागतात, अर्धे गुण मिळत नाहीत. तीन हो-नाही विधानांचा प्रश्न डोळे मिटून टिचकावला तर बरोबर येण्याची शक्यता आठात एक. टू-पार्ट अॅनॅलिसिसमध्ये (एका प्रश्नाची दोन उत्तरं निवडायचा प्रकार) पाच पर्याय आणि दोन रकाने असतील तर पंचविसात एक. डेटा सफिशियन्सीत मात्र पाचात एक. शिवाय तिथे एका विधानाचा निकाल लागला की चित्रच पालटतं: पहिलं विधान पुरतं असं कळलं तर उरतात ‘ए’ आणि ‘डी’, पुरत नसेल तर ‘बी’, ‘सी’ आणि ‘ई’. म्हणजे अर्ध्या कामावर दोनात एक किंवा तिनात एक.

यातून सरळ दिसलं की अंदाज करायचाच असेल तर तो डेटा सफिशियन्सीत, तोही एक विधान तपासून झाल्यावर, सगळ्यात स्वस्त पडतो. मल्टी-सोर्स अख्खा सोडणं महाग, कारण एकदा वाचलेली माहिती तीन प्रश्नांना कामी येते. आम्ही मधली वाट काढली: संच वाचायचा, सोपे वाटणारे दोन प्रश्न करायचे, तिसरा दीड मिनिटात हाताला लागला नाही तर सोडायचा.

काय केलं

पहिले काही दिवस पेन बंद. डेटा सफिशियन्सीचे प्रश्न फक्त वाचून, आकडेमोड न करता, ‘पुरतं’ किंवा ‘पुरत नाही’ एवढंच म्हणायचं आणि कारण एका वाक्यात सांगायचं. तिला हे फार जड गेलं. विशेषतः ‘नाही’ हे ठाम उत्तर असेल तरी माहिती पुरेशीच धरायची, हे पचायला वेळ लागला. एक संख्या मूळ आहे का, असा प्रश्न. विधान सांगतं की ती २४ आणि २८ यांच्या मधला पूर्णांक आहे. २५, २६, २७ यांतली एकही मूळ नाही. उत्तर ठामपणे ‘नाही’, म्हणजे विधान पुरतं. तिचं बोट ‘पुरत नाही’कडे जायचं.

वेळ झपाट्याने खाली आला. आणि नेमकं इथेच प्रकरणाने वेगळं वळण घेतलं. पुढच्या सराव परीक्षेत ‘उशिरा पण बरोबर’चा ढीग आटला, पण ‘घाईत चूक’चा वाढला. डेटा इनसाइट्सचे गुण जेमतेम हलले. ती वैतागली आणि जुन्या रीतीकडे परतायचं म्हणू लागली.

चुका पाहिल्यावर कारण सापडलं. थांबायचं कसं ते ती शिकली होती, पण कुठे थांबायचं यासाठी तिने एक ठोकताळा पकडला होता: ‘दोन अज्ञात म्हणजे दोन समीकरणं हवीत.’ परीक्षा बेतणाऱ्यांना हा ठोकताळा चांगला ठाऊक आहे. पुढचा प्रश्न पाहा.

७ किलोची काही आणि ११ किलोची काही खोकी आहेत. ११ किलोची किती? विधान १: एकूण वजन ५८ किलो. विधान २: एकूण खोकी ६.

ठोकताळ्याने उत्तर येतं ‘सी’. पण खोकी अर्धी-पाऊण नसतात. ११ किलोची एक धरली तर ४७ उरतात, दोन धरली तर ३६, तीन धरली तर २५. यांतल्या कशालाच ७ने भाग जात नाही. चार धरली तर १४ उरतात, म्हणजे ७ किलोची दोन. पाच धरली तर ३ उरतात, जमत नाही. एकच जोडी शक्य, म्हणजे पहिलं विधान एकटं पुरतं. दुसरं एकटं पुरत नाही. उत्तर ‘ए’. याच्या उलटही घडतं: दोन समीकरणं दिसतात, पण दुसरं हे पहिल्याचीच दुप्पट असतं, आणि दोन्ही मिळूनही काही हाती लागत नाही.

इथे निर्णय घ्यायचा होता. जुन्या रीतीकडे जायचं, की नव्या रीतीला एक खुंटी मारायची? आम्ही खुंटी मारली. ‘पुरत नाही’ म्हणण्याआधी तिने दोन अशा जोड्या तोंडाने सांगायच्या ज्या विधानात बसतात आणि वेगवेगळं उत्तर देतात. दुसरी जोडी सापडत नसेल तर पूर्णांक, ऋण संख्या, शून्य, प्रश्नातली मर्यादा यांकडे एकदा पाहायचं. या तपासणीला वीसेक सेकंद लागतात. खोक्यांच्या प्रश्नात दुसरी जोडी शोधताना ती सापडत नाही, आणि तिथेच संशय येतो.

टू-पार्टसाठी उलट दिशा धरली: समीकरण मांडण्याआधी पर्याय वाचायचे. दोन गटांचं प्रमाण ३:४, एकूण सदस्य ४५हून जास्त, पर्याय १८, २१, २४, २८, ३०, ३५. दुसऱ्या गटाच्या संख्येला ४ने भाग जायला हवा, म्हणजे २४ किंवा २८. २४ घेतले तर पहिला गट १८, बेरीज ४२, बाद. २८ घेतले तर २१, बेरीज ४९. पेन लागतच नाही.

टेबल अॅनॅलिसिससाठी फार काही करावं लागलं नाही. तिथे तक्ता रकान्यानुसार लावता येतो, सूत्रं घालता येत नाहीत. विधान वाचून कोणता रकाना लावायचा हे ठरवलं की अर्धं काम होतं. एक्सेलची सवय इथे कामी आली. ग्राफिक्समध्ये एकच शिस्त: आलेखाआधी अक्षांवरची नावं आणि एककं वाचायची. हिस्सा वाढला म्हणजे आकडा वाढलाच असं नाही, आणि टक्केवारीच्या आलेखावर हा सापळा कायमचा लावलेला असतो.

वेळेसाठी तीन टप्पे ठरवले. पाच प्रश्न झाल्यावर ३४ मिनिटं शिल्लक हवीत, दहा झाल्यावर साडेबावीस, पंधरा झाल्यावर ११. मल्टी-सोर्सचा संच नुकताच संपला असेल तर दोन मिनिटं मागे असलं तरी चालेल. त्याहून मागे असेल तर पुढच्या डेटा सफिशियन्सी प्रश्नात एक विधान तपासून उत्तर द्यायचं आणि निघायचं.

विभागाअखेरीस वेळ उरला तर तीनपर्यंत उत्तरं बदलता येतात. पहिल्या परीक्षेत तिने सहा-सात प्रश्नांना खूण केली होती आणि परतायला एक सेकंदही उरला नव्हता. आता नियम असा केला: दोन पर्यायांत अडकलेला, अर्ध्या मिनिटात सुटेल असाच प्रश्न खुणेला पात्र. सोडून दिलेल्या प्रश्नाला खूण नाही. मल्टी-सोर्सला तर नाहीच, सगळे टॅब पुन्हा वाचायला वेळ कुठला.

विभागांचा क्रम उमेदवाराला निवडता येतो. पहिल्या वेळी डेटा इनसाइट्स शेवटी होतं, दमल्यावर. सुरुवातीला ठेवून पाहिलं, तर पहिले चार-पाच प्रश्न अंग मोकळं करण्यातच जायचे. शेवटी क्वांट, मग दहा मिनिटांची सुट्टी, मग डेटा इनसाइट्स, मग व्हर्बल असा क्रम ठरला.

निकाल

दुसऱ्या परीक्षेत क्वांट ८३, व्हर्बल ८४, डेटा इनसाइट्स ८०. एकूण ६५५. चाळीस गुणांची सगळी वाढ एकाच विभागातून आली. बाकी दोन विभागांनी एकमेकांशी देवाणघेवाण केली. शेवटचे प्रश्न टिचकावावे लागले नाहीत. डेटा सफिशियन्सीचा वेळ दोन मिनिटांच्या आत आला आणि अचूकताही वाढली. मल्टी-सोर्स मात्र कच्चंच राहिलं: तिसरा प्रश्न दीड मिनिटात लागला नाही तर सोडायचा असं ठरलेलं असताना ती त्यावर रेंगाळली.

६७५ झाले नाहीत. १६ दिवसांच्या अंतराने पुन्हा परीक्षा देता येते, पण अर्जांच्या तारखा जवळ आल्या होत्या आणि निबंध लिहायचे बाकी होते. तिने ६५५वरच अर्ज केले. मला तो निर्णय योग्य वाटला.

पुन्हा करायचं झालं तर

दोन मोफत अधिकृत सराव परीक्षा तिने पहिल्या परीक्षेआधीच, डेटा इनसाइट्सचा काहीही अभ्यास नसताना खर्च केल्या होत्या. पुन्हा देता येतात, पण प्रश्न ओळखीचे निघू लागले की गुण फुगतात. दुसऱ्या फेरीत खरं माप देणारी चाचणी मिळवायला विकतच्या परीक्षांकडे वळावं लागलं. निदान एक मोफत परीक्षा रीत बदलल्यानंतरसाठी राखली असती, तर मधला तो ‘घाईत चूक’चा टप्पा आधी दिसला असता.

पेन बंद ठेवण्याचा काळ आणि दोन उदाहरणांची तपासणी एकाच वेळी सुरू करता आली असती का? तिला आधी आकडेमोडीची ओढ तोडायची होती, आणि दोन्ही एकदम दिलं असतं तर ती उदाहरणांचीही कोष्टकं करत बसली असती, अशी मला दाट शंका आहे. क्वांट मुळात कच्चं असलेल्या उमेदवाराला मात्र मी तपासणी पहिल्या दिवसापासून देईन. त्याची ओढ आकडेमोडीकडे नसते, घाईने ‘सी’ टिचकावण्याकडे असते.

मल्टी-सोर्सवर मी वेगळा वेळ राखेन. तिथली तिची अडचण वाचनाची होती आणि आमचा बहुतेक वेळ डेटा सफिशियन्सीने खाल्ला. एका संचाचे टॅब दोन मिनिटांत वाचून ‘कोणत्या टॅबमध्ये काय आहे’ एवढंच तोंडी सांगायचा सराव, प्रश्न न सोडवता, रोज एकदा. तिने तो शेवटच्या आठवड्यात जेमतेम सुरू केला होता.

तिसरी परीक्षा द्यायची वेळ आलीच, तर तिथूनच सुरुवात करायचं ठरलं आहे.